बिनआकड्याचा राजा

अश्वजित मुदखेड जंक्शनवर सहायक स्टेशनमास्तर होता आणि त्याची बायको धम्मप्रिया लातूरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीच्या मुलांना इतिहास शिकवायची. लग्न झाल्यापासून दोघांचा संसार असा दोन गावांत वाटलेला. हप्त्याची सुट्टी मिळाली की अश्वजित नांदेड गाठायचा, लोहा-अहमदपूरच्या वाटेनं एस.टी.त बसायचा आणि धुळीनं माखून लातूरला पोचायचा. लातूरच्या घरी धम्मप्रियाच्या सोबतीला त्याची आई, सुमनबाई, राहायची. एक दिवस घरधन्यासारखं राहायचं, आईच्या हातची भाकरी खायची, की परत पिशवी उचलून मुदखेड.

पण या दोघांना आठवडाभर जोडून ठेवणारी एक गोष्ट होती, आणि सुमनबाईला तिचा पुष्कळ दिवस पत्ताच नव्हता. दोघं मिळून एक राज्य चालवत होते.

राज्य अर्थात लॅपटॉपवरचं. मध्ययुगातल्या राजेरजवाड्यांचा एक गेम होता. एखादं घराणं निवडायचं, सोयरिकी जुळवायच्या, लढाया करायच्या. राजा मेला की त्याचा वारस होऊन खेळ पुढं न्यायचा, पिढ्यानपिढ्या. धम्मप्रियाला विद्यापीठात शिकतानाच त्याचा नाद लागला होता, आणि तिथंच वर्गात असलेल्या अश्वजितला तिनंच तो लावला. नकाशावर दक्खनच्या मधोमध 'लट्टलूर' नावाचं चिमुकलं ठाणं होतं.

"हे आपलं लातूर," ती म्हणाली होती. "राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे धनी म्हणवून घ्यायचे."

मग दुसरीकडं बघायचं कारणच उरलं नाही. लग्नानंतर नियम असा ठरला की एका राजाचं आयुष्य एकानं खेळायचं. राजा मेला की फाइल दुसऱ्याला पाठवायची. ज्याची पाळी चालू असेल त्यानं त्या काळात जन्मलेल्या राजपुत्रांची नावं ठेवायची. गेम आपणहून नाव सुचवायचा, पण ते खोडून आपल्याला हवं ते टाकता यायचं.

अश्वजितनं आपल्या पहिल्याच पाळीत राजपुत्राचं नाव ठेवलं ग्यानोबा. ग्यानोबा हा त्याचा बाप. रेल्वेत गँगमन होता. जन्मभर खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेनं चालला आणि रिटायर व्हायच्या आत गेला. "बाला जन्मात कुणी राव म्हटलं न्हाई," अश्वजित फोनवर सांगत होता, "मी सरळ राजाच करून टाकला." धम्मप्रियानं तिच्या पाळीत वारसाचा कायदाच बदलून घेतला आणि दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या आपल्या आजीला, पंचफुलाला, गादीवर बसवलं. पंचफुला राणीनं कंधार जिंकलं त्या दिवशी मुदखेडच्या खोलीत अश्वजितनं एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

"आपल्या ग्यानोबाच्या नावापुढं आकडा कामून न्हाई?" त्यानं एकदा विचारलं. "बाकीच्या राजांना दुसरा, तिसरा असं लिहून येतं."

"दुसरा ग्यानोबा आला की हा पहिला होईल. तोवर नुसता ग्यानोबा."

"म्हणजे पहिला व्हायलाही दुसरा लागतो?"

"हाव. खऱ्या राजांचंही तसंच असतं की. आपण तिसरा कृष्ण म्हणतो, पण तो काय दरबारात 'मी तिसरा' म्हणून सांगत बसायचा? आकडे मागून आलेल्यांनी टाकले."

पुढं दुसरा ग्यानोबा आला, तिसराही आला. दुसऱ्या पंचफुलेनं गादी सांभाळली. मुदखेडला गाडी लेट झाली की अश्वजित मनातल्या मनात सोयरिकी जुळवायचा, आणि पेपर तपासता तपासता धम्मप्रिया कुठल्या सरदाराला कैदेत टाकावं याचा विचार करायची.

मग उन्हाळ्यात ते झालं.

धम्मप्रियाला सातवा महिना होता. सकाळपासून बाळ हललं नाही म्हणून सुमनबाईनं शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली, पण दवाखान्यात पोचेपर्यंत बाळाचे ठोके थांबले होते. मुलगा होता. अश्वजित मुदखेडहून येऊन पोचला तेव्हा त्याच्या हातात पांढऱ्या कापडातलं गाठोडं देण्यात आलं, आणि त्यानंच ते नेलं. सोबत चार नातलग होते. सगळ्यांना लवकर उरकायचं होतं. बाळाचं नाव कुणी विचारलं नाही. नाव ठेवायची वेळच आली नव्हती, असं सगळ्यांनी धरून चाललं.

पण नाव होतं. दोघं एकदा बसनं येत असताना अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली होती. खिडकीतून घेतलेला उसाचा रस पिता पिता धम्मप्रिया म्हणाली होती, "मुलगा झाला तर रेवत." अश्वजितला ते नाव इतकं आवडलं की ग्लास परत करताना त्यानं रसवाल्यालाच विचारलं, "रेवत नाव कसं वाटतं, भाऊ?" रसवाला म्हणाला, "बेस हाय." तेवढ्यात बस सुटली.

त्यानंतर ते नाव कुणीच घेतलं नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, होतं असं, अजून वय काय तुमचं. धम्मप्रिया मान हलवायची. अश्वजित जास्तीच्या ड्यूट्या मागून घ्यायला लागला. लातूरला गेला तरी दिवसभर झोपून काढायचा. आपण बोललो तर ती रडेल, अशी त्याची समजूत होती. ती बोलत नव्हती, त्यामुळं ती सावरली आहे, अशीही त्याची समजूत होती. गेममध्ये पाळी धम्मप्रियाची होती आणि राज्य जिथं थांबलं होतं तिथंच थांबून होतं.

थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी अश्वजित सकाळची ड्यूटी करून खोलीवर आला. फोनवर धम्मप्रियाचा मेसेज होता. 'तुझी पाळी.' सोबत फाइल.

त्याला इतकं बरं वाटलं की बूट न काढताच त्यानं लॅपटॉप उघडला. दुसरी पंचफुला राणी वारली होती आणि तिचा मुलगा गोविंद गादीवर आला होता. गोविंद हे गेमनं सुचवलेलं नाव. धम्मप्रियानं ते तसंच राहू दिलेलं दिसत होतं. तिच्या हातून असं व्हायचं नाही, म्हणून त्याला नवल वाटलं. नव्या राजाला भाऊबंद किती आहेत, उद्या कोण बंड करील, हे पाहायला त्यानं वंशावळ उघडली.

पंचफुलेला दोन मुलं होती. धाकटा गोविंद. त्याच्या शेजारी थोरल्याचं चित्र होतं, तान्ह्या बाळाचं, रंग उडालेलं, म्हणजे मेलेलं. खाली नाव होतं, रेवत.

अश्वजितनं लॅपटॉप मिटला. त्यानं फोन लावला.

"हे काय केलंस तू?"

"दिसलं?" धम्मप्रिया म्हणाली.

"गेममध्ये टाकायचं नाव होतं का ते? आपल्या पोराचं? आणि वरून मारून टाकलंस त्याला?"

"मी नाही मारलं. मी फक्त नाव ठेवलं. चांगला राजा करायचा होता मला त्याला. पहिल्याच हिवाळ्यात ताप आला आणि गेला. गेमनं नेला." ती बोलतच राहिली. "मग दुसऱ्याला नाव द्यायचं माझ्यानं झालं नाही. आलं ते ठेवलं."

"काढून टाकायचं ना मग! मला कामून पाठवलंस?"

"कुठं ठेवू सांग ते नाव? घरात कुणी घेत नाही. माय घेत नाहीत, त्यांना माहीतच नाही. तू घेतलंस? या सगळ्या महिन्यांत एकदा तरी?"

"हा खेळ हाय, धम्मा."

"मला माहीत आहे खेळ आहे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस अश्वजितचं कामात लक्ष होतं, कारण त्या कामात लक्ष नसून चालत नाही. पण गाडी निघून गेली, फलाट रिकामा झाला, की तिचा प्रश्न समोर येऊन उभा राहायचा. एकदा तरी? नाही घेतलं. एका चहावाल्यानं आपल्या पोराला मोठ्यानं हाक मारली, तेव्हा त्याला वाटलं, आपण 'रेवत' अशी हाक मारली तर ती कशी ऐकू येईल? ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. त्यानं साहेबांकडं एका दिवसाची रजा मागितली, सुट्टीला जोडली, आणि लातूरची बस धरली.

घरी पोचला तेव्हा धम्मप्रिया कॉलेजातून यायची होती. सुमनबाई दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. लेकाचं तोंड बघताच तिनं ओळखलं.

"भांडलात व्हय रे? पोरगी दोन दिस जेवली न्हाई धड."

अश्वजित तिच्यासमोर बसला. शेंगा सोलायला लागला. मग त्यानं जमेल तसं सांगितलं. लॅपटॉपवर एक खेळ असतो, त्यात राजे असतात, ते मरतात, त्यांची पोरं राजे होतात. बाचं नाव दिलेला राजाही त्यात आहे म्हटल्यावर सुमनबाई खुदकन हसली.

"त्यो राजा? पागोट्याला इस्तरी कोन करत व्हतं त्याच्या?"

"आणि धम्मानं एका पोराचं नाव रेवत ठेवलं. ते पोरगं मेलं. त्याच्यावरनं भांडलो."

"रेवत कोन?"

अश्वजितच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आपला," तो म्हणाला. "उन्हाळ्यातला."

सुमनबाईचे हात थांबले. "नाव ठिवलं व्हतं त्याचं?"

"हाव. आधीच."

"मला न्हाई सांगितलं कुनी." ती रागावली नव्हती. बराच वेळ ती सोललेल्या दाण्यांतून हात फिरवत राहिली. "तुज्या आदी एक व्हता," ती म्हणाली.

अश्वजितला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. आजवर सगळे त्याला पहिला मुलगा म्हणत आले होते.

"पाचवी पुजायच्या आदीच गेला. गोरापान व्हता, तुज्यासारका न्हाई. म्या म्हनलं, नाव ठिवू. तुजा बा म्हनला, जानाऱ्याला नाव कशाला, जीव आडकतो. मी ऐकलं. आन् आता आठवला की काय म्हनून आठवू रे? नुसतं 'ते' म्हनते. ते असतं तर आता एवडं असतं. ते असतं तर तुला भाऊ राहिला असता."

"मग मी दुसरा?"

"लोकाला पहिला सांगते. माज्यासाठी दुसराच हायेस." तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुपली त्याच्याकडं सरकवली. "पोरीनं नाव ठिवलं ते बेस केलं. हाक मारायला काई तरी हाय तिच्याजवळ. तू उगं तिला बोलू नगंस."

धम्मप्रिया संध्याकाळी आली. नवऱ्याची चप्पल दारात बघून ती सरळ चहा ठेवायला आत गेली. सुमनबाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. अश्वजितला बाहेर ऐकू आलं.

"रेवत म्हंजी काय गं, पोरी?"

आत भांडी वाजायची थांबली. मग धम्मप्रियाचा आवाज आला, अगदी हळू. "सारिपुत्ताचा धाकटा भाऊ, माय. भिक्खू होता. काट्याकुट्याच्या रानात एकटाच राहायचा, पण तो राहायचा ते रानही लोकांना बरं वाटायचं."

"चांगलं हाय. रेवत." सुमनबाईनं नाव तोंडात घोळवलं. "रेवत ग्यानोबा... न्हाई न्हाई, रेवत अश्वजित."

अश्वजित उठून आत गेला. धम्मप्रिया ओट्याला टेकून रडत होती आणि सुमनबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत चहा उतू जाताना बघत होती. त्यानं गॅस बंद केला. "रेवत," तो म्हणाला. तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानंच लॅपटॉप उघडला.

"एक सांग. पुढं कुणाचं नाव रेवत ठेवलं आणि तो राजा झाला, तर त्याला दुसरा म्हणेल का?"

"नाही," धम्मप्रिया म्हणाली. "आपला गादीवर बसला नाही ना. गेम फक्त बसलेल्यांना मोजतो."

"हे काही बरोबर न्हाई."

"फ्रान्समध्ये एक पोरगा होता, लुई. बापाला मारलं, हा कैदेतच राहिला आणि तिथंच वारला. एक दिवस राज्य केलं नाही. पण त्याच्या माणसांनी त्याला सतरावा धरला, आणि चुलता गादीवर आला तेव्हा त्यानं स्वतःला अठरावा म्हणवलं. मधला आकडा पोरासाठी सोडला."

अश्वजितनं लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. "तुझ्याकडं जुनी फाइल असेल? तो जिवंत असतानाची?"

"आहे. उडवायचं धाडस झालं नाही."

"मग राणीला गादी सोडायला लावू. पोराला बसवू. ताप यायच्या आधी. एक दिवस का होईना, बसू दे. मग गेमला मोजावंच लागेल."

धम्मप्रियानं त्याच्याकडं पाहिलं. त्याचा हा चेहरा तिनं पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. "पण तो परत जाईल," ती म्हणाली. "तू बघू शकशील?"

"दोघं बघू."

दोघं पलंगावर मांडी घालून बसले, लॅपटॉप मधे. सुमनबाईही चष्मा लावून मागं येऊन बसली. "कोनता हाय?" तिनं विचारलं. धम्मप्रियानं पाळण्यातल्या चित्रावर बोट ठेवलं. "लई बारीक हाय गं," सुमनबाई म्हणाली.

दुसऱ्या पंचफुलेनं राज्य सोडलं. कारभार तिच्याच हाती राहिला, पण गादीवर नाव आलं, राजा रेवत. पुढं आकडा नव्हता. गेममधले महिने सरकू लागले आणि हिवाळा आला तशी पडद्यावर चौकट उघडली. राजाला ताप आहे. वैद्यानं जपून उपचार करायचे की जोखमीचं औषध द्यायचं?

"मागच्या वेळी जपून म्हटलं होतं मी," धम्मप्रिया म्हणाली. तिचा हात माउसवरून मागं आला. अश्वजितनं जोखमीचं औषध निवडलं आणि धम्मप्रियाचा हात घट्ट धरला. एक महिना गेला. दुसरा गेला. मग पुन्हा चौकट उघडली. राजा बरा झाला.

 दोघांनी सगळी तयारी मरणाची केली होती.

"आता गं?" अश्वजित म्हणाला.

"आता काय? जगला की." तिनं नाक पुसलं. "मग करू दे राज्य."

पाळीचा नियम त्या दिवशी मोडला. रेवतचं राज्य दोघांनी मिळून खेळायचं ठरलं, म्हणजे अश्वजितला दर सुट्टीला लातूरला येणं आलं. जास्तीच्या ड्यूट्या त्यानं बंद केल्या. रेवत वाढत होता. रांगायचा काळ गेला, घोड्यावर बसायचं वय झालं. मोठा पराक्रमी होईल असं दोघांना वाटत होतं, पण तो निघाला आळशी. शिकारीला जायचा, जेवणावळी घालायचा, हत्ती विकत घ्यायचा. लढाई हरला आणि पहिल्या पंचफुलेनं जिंकलेलं कंधार घालवून बसला.

"तुझ्यावर गेला," धम्मप्रिया म्हणाली.

"माझ्यावर? झोपतो बघ कसा दरबारात. डिट्टो तू, विद्यापीठात पहिल्या तासाला."

दोघं हसायला लागले ते थांबेचनात. सुमनबाई स्वयंपाकघरातून बघायला आली, काय झालं म्हणून.

तिलाही त्या राजाचा लळा लागला होता. अश्वजित मुदखेडला असताना ती फोनवर आधी लेकाची तब्येत विचारायची आणि मग विचारायची, "रेवत काय म्हनतो? लगीन जमलं का न्हाई?" शेजारची शिवकांताकाकू ते ऐकून चक्रावली. कुण्या पाव्हण्याचं लगीन म्हणून तिनं एक स्थळही सुचवलं, उदगीरकडचं.

रेवतचं लग्न झालं, पुढं त्यालाही सून आली, मग नातू झाला. नावाची चौकट उघडली तेव्हा तिघंही समोर होते. गेमनं आजोबाचंच नाव सुचवलं होतं, रेवत.

"ठेवायचं?" अश्वजितनं विचारलं. "हा गादीवर आला की दुसरा होईल. आपला पहिला. हेच पाहिजे होतं ना आपल्याला?"

धम्मप्रियाचं बोट बटणावर होतं. तेवढ्यात मागून सुमनबाई म्हणाली, "पोरी, एक इचारू? माज्या त्याचं ठिवता यील का ह्याला?"

"काय नाव होतं, माय?"

"न्हाईच ना. तूच सांग एकादं. तुला लई नावं ठावं हाईत."

धम्मप्रिया सासूकडं वळून म्हणाली, "सुदत्त. चांगलं दिलेलं, असा अर्थ आहे."

"सुदत्त," सुमनबाई म्हणाली. आणखी एकदा म्हणाली. मग चष्मा काढून ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. अश्वजित तिच्याजवळ जायला उठला, पण धम्मप्रियानं त्याला थांबवलं. बाहेरून तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं, एखाद्याला झोपेतून उठवावं तसं.

धम्मप्रियानं चौकटीतलं नाव खोडलं आणि सुदत्त लिहिलं. "रेवत एकच राहू दे," ती म्हणाली. "मला नाही लावायचा त्याला आकडा."

राजा रेवत म्हातारा होऊन, अंथरुणावर, नातवंडांच्या गराड्यात गेला. तो उन्हाळ्याच्या सुरुवातीचा एक रविवार होता. धम्मप्रिया रडली, अगदी मोकळेपणानं, आणि या वेळी अश्वजितही तिच्याबरोबर रडला. मग त्यांनी लॅपटॉप मिटला, तिघांनी मिळून आमरस केला आणि पोटभर जेवले.

पावसाळा सरत आला तेव्हा धम्मप्रियाला पुन्हा दिवस गेले. या वेळी त्यांनी दुसऱ्या बाईंचा दवाखाना धरला. पहिल्या तपासणीला तिघंही गेले. नर्सनं कागद पुढं ओढून विचारलं, "पहिलटकरीण का?"

धम्मप्रियानं अश्वजितकडं पाहिलं. गेल्या वर्षभरात दुकानात, बसमध्ये, हळदीकुंकवाच्या निरोपात कुणी विचारलं की ती म्हणायची, नाही, अजून मूल नाही. तेच सोपं पडायचं.

"न्हाई," अश्वजित म्हणाला. "दुसरं हाय. पहिला मुलगा. सातव्या महिन्यात गेला. रेवत नाव होतं."

नर्सचा पेन थांबला. तिनं पहिल्यापासून सगळं विचारून घेतलं, काय झालं, किती वेळ बाळ हललं नव्हतं, रक्तदाब किती होता. मग डॉक्टरीणबाईंनी स्वतः बोलावून सांगितलं, की या वेळी तपासण्या वरचेवर करायच्या, आणि बाळाची हालचाल जरा जरी कमी वाटली तरी वाट बघत बसायचं नाही, सरळ यायचं. दिवस असो, रात्र असो.

ते कामी आलं. आठवा संपत आला असताना एका सकाळी धम्मप्रियाला बाळ सुस्त वाटलं. अश्वजित तेव्हा घरीच होता. रिक्षा थांबवून त्यांनी दवाखाना गाठला. बाईंनी यंत्र लावलं, ठोके ऐकले आणि म्हणाल्या, "आहेत. पण मंद आहेत. आपण आत्ताच बाहेर काढू या."

बाहेरच्या बाकड्यावर अश्वजित आणि सुमनबाई शेजारी शेजारी बसून राहिले.  मग दाराआडून आधी एक बारीक, चिडका आवाज आला, आणि नंतर नर्स आली.

"मुलगी हाय. लहान हाय, पण रडायला दांडगी हाय."

मुलीला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. अश्वजित काचेला नाक लावून उभा राहायचा, आणि नर्स त्याला रोज हटकायची. धम्मप्रियाला उठून बसता यायला लागलं तसं नावाचं बोलणं निघालं. सुमनबाईचं म्हणणं होतं की आता उशीर नको, आजच ठेवा, घरी नेल्यावर बारसं करू तेव्हा करू.

"खेमा," धम्मप्रिया म्हणाली. "राणी होती, नंतर भिक्खुणी झाली. खेमा म्हणजे सुखरूप."

"आन् आपल्या त्या राज्यात हाय का खेमा नावाची कोनी?"

"नाही, माय."

"मग चालतंय," सुमनबाई म्हणाली.

घरी न्यायच्या दिवशी अश्वजितनं ओळखीच्या माणसाची गाडी सांगितली होती. सुमनबाई मुलीला मांडीवर घेऊन मागं बसली आणि पहिल्याच खड्ड्याला तिनं ड्रायव्हरला असं झापलं की पुढचा सगळा रस्ता तो बैलगाडीच्या चालीनं गेला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. खेमा मात्र गाढ झोपली होती. गांधी चौकाशी तिला उचकी लागली, आणि गाडीतली चारही माणसं, ड्रायव्हर धरून, एकदम तिच्याकडं वळून बघायला लागली.

"तू समोर बघ रे, भाड्या!" सुमनबाई ओरडली.